अंगी लागणे

आमच्या घरात माझ्या लहानपणी दूध लिटरवर मोजलं जात नसे, चरवीवर मोजलं जाई. मोठी चरवी अण्णाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. उरलेल्या लहान चरवीत बाकीचं सगळं घर. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण अण्णा तालमीत जात होता आणि मंगळवार पेठेत तालमीत जाणाऱ्या पोराचा खुराक ही घराच्या अब्रूची बाब होती. पहाटे अंधारात उठून जोर-बैठका, मग हौदातल्या लाल मातीत लढती, मग अंगावरची माती वाळेपर्यंत बसणं आणि त्यानंतर दूध, बदाम घोटून केलेली थंडाई, कधी मटणाचं सूप. हा क्रम चुकवायचा नाही अशी वस्तादांची सक्त ताकीद होती. ते म्हणायचे, ‘मेहनत नसंल तर दूध नुसतं पोटात जातंय, अंगी लागत न्हाई.’

त्या अण्णाचं मूत्रपिंड साठीच्या आत निकामी झालं. वहिनींनी आपलं एक मूत्रपिंड दिलं. काही वर्षं ठीक गेली. नंतर क्रिएटिनिनचे आकडे चढू लागले. बसवलेलं मूत्रपिंड शरीरानं परकं म्हणून नाकारू नये यासाठी जी गोळी रोज घ्यायची, तीच मूत्रपिंडाला बाधत असावी असं डॉक्टरांचं मत पडलं. त्यांनी ती बदलून दुसरी दिली, सिरोलिमस नावाची. तोंड येऊ लागलं, पायावरची साधी जखम भरायला महिना लागला, पण आकडे उतरले. एका संध्याकाळी अण्णा मला म्हणाला, ‘तू कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलंस न्हवं? मग सांग, ही गोळी घेतल्यापासनं खाल्लेलं अंगी लागंना झालंय. आत जाऊन करती तरी काय ही?’

मी तेव्हा त्याला जे उत्तर दिलं ते पाठ्यपुस्तकातलं होतं आणि त्याचं समाधान झालं नाही. माझंही झालं नाही. ‘अंगी लागणे’ हा शब्दप्रयोग आपण रोज वापरतो. त्याचा पेशीच्या पातळीवरचा अर्थ काय, हे मी इतकी वर्षं शिकवूनही नीट विचारलेलं नव्हतं. पुढची दोन वर्षं मी त्या प्रश्नाच्या मागे होतो. हा लेख म्हणजे अण्णाला उशिरानं दिलेलं उत्तर आहे.

वीट आणि निरोप

आमच्या पेठेतून खासबाग मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आहे. शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपात गेले होते. तिथे पाहिलेल्या रोमन आखाड्याच्या धर्तीवर त्यांनी हे मैदान बांधवलं आणि १९१२ साली ते कुस्त्यांना खुलं झालं. महाराजांनी पंजाबपासूनचे मल्ल कोल्हापुरात आणले, पोसले आणि त्यांच्या खुराकाची तरतूद केली. मल्लाला आश्रय द्यायचा म्हणजे त्याच्या दुधातुपाची सोय करायची, हे सगळ्यांना उघड होतं. उपाशीपोटी कुस्ती होत नाही.

त्याआधीच्या शतकात युरोपातले शास्त्रज्ञ मात्र अन्न आणि स्नायू यांच्या नात्याबद्दल भांडत होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांचं १८४० च्या दशकातलं म्हणणं असं, की स्नायू काम करतो तेव्हा तो स्वतःच जळतो, म्हणून ती झीज भरून काढायला प्रथिनं खायची. १८६५ साली आडोल्फ फिक आणि योहानेस विस्लित्सेनुस या दोघांनी त्याची परीक्षा घेतली. प्रथिनं वर्ज्य करून ते स्वित्झर्लंडमधला फाउलहोर्न डोंगर चढले. तळ्यापासून सुमारे १,९५६ मीटर उंची. वाटेत साठवलेल्या लघवीतला नत्र त्यांनी मोजला. जळलेल्या प्रथिनांच्या हिशेबात चढाईचं काम बसेना. स्नायूचं इंधन मुख्यतः दुसरं होतं. मग प्रथिनं कशासाठी? तर बांधकामासाठी. प्रथिन म्हणजे वीट, हे चित्र तेव्हापासून पक्कं झालं आणि आजही शाळेत तेच शिकवलं जातं. मीही तेच शिकवलं.

त्या चित्राला पहिला तडा १९३० च्या दशकाच्या शेवटी गेला. नाझी जर्मनीतून अमेरिकेत आलेले रुडॉल्फ शोनहायमर यांनी जड नत्राची खूण लावलेलं ल्यूसीन नावाचं अमिनो आम्ल पूर्ण वाढलेल्या उंदरांना खाऊ घातलं. उंदरांचं वजन वाढत नव्हतं. म्हणजे विटा लावायला जागाच नव्हती. तरीही खुणेचा निम्म्याहून जास्त नत्र त्यांच्या शरीरातल्या प्रथिनांत जाऊन बसला. शरीर ही बांधून पूर्ण झालेली इमारत नाही. तिच्या भिंती रोज थोड्या पाडल्या जातात आणि रोज थोड्या उभारल्या जातात. अंग भरतं ते उभारणी पाडापाडीच्या पुढे गेली तर, आणि उतरतं ते उलट झालं तर.

आता खरा प्रश्न उभा राहतो. आज किती उभारायचं आणि किती पाडायचं, हे ठरवतं कोण?

१९७५ साली मारिया बूस आणि सँड्रा रीड यांनी उंदराच्या छातीखालच्या पडद्याच्या स्नायूवर प्रयोग करून एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. केवळ ल्यूसीन घातलं तरी त्या स्नायूत प्रथिनांची उभारणी वाढते आणि पाडापाडी कमी होते. ल्यूसीन हे शोधलं गेलेल्या सर्वांत जुन्या अमिनो आम्लांपैकी एक. १८१९-२० च्या सुमारास ते आधी चीजमध्ये आणि मग मांसात सापडलं होतं, आणि पांढऱ्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव पडलं. दुधाच्या प्रथिनात त्याचं प्रमाण साधारण दहा टक्के असतं. दीडशे वर्षं सगळे ते वीट म्हणून मोजत होते. बूस आणि रीड यांच्या प्रयोगात ही वीट निरोपही घेऊन येत होती : ‘माल आलाय, काम सुरू करा.’ पण निरोप कुणाला पोहोचतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्याच वर्षी, म्हणजे १९७५ सालीच, कॅनडातून एक दुसरा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याचा विषय बुरशी मारणारं एक औषध हा होता. ह्या दोन निबंधांचा एकमेकांशी संबंध आहे हे कळायला आणखी दोन दशकांहून अधिक काळ जावा लागला.

एका बेटावरची माती

डिसेंबर १९६४ मध्ये कॅनडाहून एक वैद्यकीय मोहीम प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर पोहोचली. तिथले लोक आपल्या बेटाला रापा नुई म्हणतात. मोहिमेचे प्रमुख होते स्टॅन्ले स्कोरिना. बेटावर विमानतळ होणार होता. तो झाला की बाहेरच्या जगाचे रोग आत येतील, म्हणून त्याआधी बेटवासीयांची तपासणी करून ठेवायची असा हेतू होता. मोहिमेतले जंतुशास्त्रज्ञ जॉर्ज नोग्राडी यांना वेगळंच कोडं पडलं होतं. बेटावर घोडे भरपूर, माणसं अनवाणी चालतात, तरी धनुर्वात फारसा कसा नाही? त्यांनी बेटाचे ६७ भाग पाडले आणि प्रत्येक भागातली माती कुप्यांत भरून घेतली.

ज्यांच्या पायाखालची ही माती, त्या लोकांची तेव्हाची अवस्था सांगितली पाहिजे. १८८८ साली चिलीने बेट ताब्यात घेतलं. पुढे दीर्घकाळ जवळजवळ सगळं बेट मेंढ्यांच्या कुरणासाठी एका कंपनीकडे होतं आणि बेटवासीयांना एका गावात कोंडल्यासारखं राहावं लागत होतं. कॅनडाचं पथक बेटावर असतानाच आल्फोन्सो रापू या तरुण शिक्षकाच्या पुढाकाराने लोकांनी हक्कांसाठी उठाव केला. नागरिकत्वाचे हक्क त्यांना १९६६ साली मिळाले.

माती माँट्रियलच्या आयर्स्ट या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेली. तिथे सुरेंद्रनाथ सेहगल होते. १९३२ साली आजच्या पाकिस्तानातल्या खुशाब इथे त्यांचा जन्म झाला, काशी हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्राचं शिक्षण झालं आणि ब्रिस्टॉलला डॉक्टरेट. त्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९७२ साली एक पदार्थ वेगळा काढला. बेटाच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं रापामायसिन. सिरोलिमस हे त्याचंच दुसरं नाव. म्हणजे अण्णाच्या डबीत रोज उघडलं जाणारं औषध मुळात समुद्रापारच्या मातीतून आलेलं आहे. हे ऐकल्यावर अण्णा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘मातीचंच हाय म्हणजे.’

बुरशीवरचं औषध म्हणून रापामायसिन टिकलं नाही. ते शरीराची प्रतिकारशक्ती दाबून टाकतं असं दिसलं, आणि संसर्ग बरा करणाऱ्या औषधात हा मोठाच दोष. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली आणि काम अमेरिकेत हलवलं. रापामायसिनवरचं संशोधन थांबलं. सेहगल यांनी मात्र त्या सूक्ष्मजीवाचं बियाणं फेकू दिलं नाही. घरच्या फ्रीझरमध्ये, ‘खाऊ नये’ अशी चिठ्ठी लावून, त्यांनी ते जपलं आणि घर बदलताना बर्फात घालून बरोबर नेलं, अशी हकिगत त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितली आहे. काही वर्षांनी अवयवरोपणाचा काळ आला. प्रतिकारशक्ती दाबणं हा जो दोष होता तोच गुण ठरला. सेहगल यांनी नव्या व्यवस्थापनाच्या मागे लागून काम पुन्हा सुरू करवलं. १९९९ साली अमेरिकेत मूत्रपिंडरोपणासाठी औषधाला मान्यता मिळाली. २००३ साली सेहगल कर्करोगाने गेले.

१९७५ च्या निबंधात माती ईस्टर बेटावरची एवढी नोंद आहे. ज्या मोहिमेने ती आणली तिचा उल्लेख नाही. ह्या औषधाने पुढे प्रचंड पैसा मिळवला. बेटवासीयांना त्यातला वाटा मिळालेला नाही.

वेस

औषध काम करतं हे कळलं होतं. कशावर करतं हे कळलं नव्हतं. त्याचं उत्तर माणसात किंवा उंदरात सापडलं नाही, पावात घालतो त्या यीस्टमध्ये सापडलं. बाझल शहरात जोसेफ हाइटमन, राव मोव्वा आणि मायकेल हॉल यांनी रापामायसिन पाजूनही न मरणारे यीस्ट शोधून काढले आणि त्यांच्यात कोणतं जनुक बिघडलंय ते पाहिलं. १९९१ साली त्यांनी दोन नवी जनुकं जाहीर केली. त्यांचं नाव टॉर. इंग्रजीत ते ‘रापामायसिनचं लक्ष्य’ या शब्दांची आद्याक्षरं घेऊन झालं आहे. पण जर्मनमध्ये ‘टोर’ म्हणजे वेस. बाझलमध्ये स्पालेनटोर नावाची जुनी वेस अजून उभी आहे आणि नाव ठेवणाऱ्यांच्या मनात तीही होती.

कोल्हापूरकराला हे वाचून गंगावेस आठवल्याशिवाय राहत नाही. वेस गेली, नाव राहिलं. तिथे तालीम आहे, आणि म्हशी समोर उभ्या करून धारोष्ण दूध देणारा कट्टा आहे. जुन्या गावाची वेस उघडली की माल आत येई, व्यवहार सुरू होत. मिटली की गाव आतल्या साठ्यावर राही. हॉल यांच्या प्रयोगशाळेने १९९६ साली दाखवलं की रापामायसिन दिलेली यीस्टची पेशी उपाशी पेशीसारखी वागते. भोवताली अन्न भरपूर असतं, पण वेस बंद असते.

१९९४ च्या सुमारास हेच प्रथिन सस्तन प्राण्यांत सापडलं. हार्वर्डमध्ये स्ट्युअर्ट श्रायबर यांच्या गटाला आणि बाल्टिमोरमध्ये सॉलोमन स्नायडर यांच्या प्रयोगशाळेतल्या डेव्हिड सबातिनी या विद्यार्थ्याला ते स्वतंत्रपणे मिळालं. प्रत्येकाने वेगळं नाव ठेवलं, शेवटी एमटॉर हे टिकलं. माणसाचं एमटॉर २,५४९ अमिनो आम्लांची एक लांब माळ आहे. ही माळ सगळीकडे एकसारखी नाही. तिचे वेगवेगळे खंड आपापल्या परीने गुंडाळून बसतात आणि प्रत्येकाकडे वेगळं काम असतं. अशा खंडाला जीवरसायनशास्त्रात डोमेन म्हणतात. एका डोमेनकडे मुख्य काम आहे : दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेटचा शिक्का मारून ‘उभारणी करा’ हा हुकूम सोडणं.

त्याला लागूनच एक छोटा खंड आहे, शंभरेक अमिनो आम्लांचा. १९९५ साली श्रायबर यांच्या गटाने तो नेमका ओळखला. रापामायसिन इथे येऊन बसतं, म्हणून त्याचं नाव एफआरबी. रापामायसिन एकटं येत नाही. पेशीतच असलेल्या एका लहान प्रथिनाला ते आधी धरतं आणि ती जोडगोळी एफआरबीवर बसते. पुढच्याच वर्षी ह्या तिघांचं स्फटिकातलं चित्र मिळालं : चार मळसूत्री दांड्यांची मोळी, आणि तिच्या खोबणीत अडकलेलं औषध.

पण हा खंड औषधासाठी घडलेला नाही. माणसाच्या शरीरात रापामायसिन कधी नव्हतंच. मग एफआरबीचं मूळ काम काय? २०१३ साली हायजुआन यांग, निकोला पावलेटिच आणि सहकाऱ्यांनी एमटॉरच्या ह्या भागाची रचना प्रसिद्ध केली, तेव्हा ते दिसलं. शिक्का मारण्याची जागा खोल घळीत आहे आणि एफआरबी तिच्या तोंडावर पहारेकऱ्यासारखा उभा आहे. योग्य प्रथिन आलं की तो त्याला हात देऊन आत घेतो. भलत्याला वाट देत नाही. रापामायसिनची जोडगोळी ह्याच पहारेकऱ्याच्या अंगावर येऊन बसते आणि वाट बुजवते.

दोन किल्ल्या

आता ल्यूसीनचा निरोप कुणाला पोहोचतो ते सांगता येतं. २००८ पासूनच्या प्रयोगांतून दिसलं की अमिनो आम्लं मिळाली की रॅग नावाची प्रथिनं एमटॉरला पेशीतल्या लायसोसोम नावाच्या पिशवीपाशी घेऊन येतात. तिथे ऱ्हेब नावाचं प्रथिन असतं. इन्सुलिन आणि वाढीचे इतर संदेश ह्या ऱ्हेबला जागं करतात, आणि ते एमटॉरला चालू करतं. ल्यूसीन आलंय हे ओळखणारं सेस्ट्रिन हे प्रथिन २०१५-१६ च्या सुमारास सापडलं. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची. तसंच हे. नुसतं अन्न पुरत नाही, शरीराचा सांगावाही यावा लागतो.

मेहनतीचं काय? २००९ साली टेक्सासमध्ये तरुणांना पायांचा जोरदार व्यायाम करायला लावला. व्यायामानंतर तासा-दोन तासांत स्नायूतली प्रथिनांची उभारणी सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. ज्यांना आधी रापामायसिन दिलं होतं त्यांच्यात ती वाढलीच नाही. दोन वर्षांनी त्याच मंडळींनी व्यायामाऐवजी अमिनो आम्लं देऊन पाहिलं. तिथेही रापामायसिनने वाढ अडवली. मेहनत आणि खुराक दोन वेगळ्या वाटांनी येतात आणि एकाच वेशीपाशी पोहोचतात.

इथे एक मोह आवरला पाहिजे. ‘बघा, आमच्या वस्तादांना हे आधीच माहीत होतं’ असं लिहिणं सोपं आहे आणि दिवाळीत ते गोडही लागेल. पण ते खरं नाही. वस्तादांना एमटॉर माहीत नव्हतं. त्यांना पोरं माहीत होती. पिढ्यानपिढ्या शेकडो पोरांची अंगं भरताना आणि न भरताना पाहून त्यांनी क्रम बसवला होता. त्यातलं काही आज प्रयोगाने टिकतं, काही टिकत नाही. बदामाचं त्यांना जेवढं कौतुक होतं तेवढं ल्यूसीनच्या हिशेबाने दुधाला द्यायला हवं. पण मेहनतीशिवाय खुराक अंगी लागत नाही, ह्या वाक्यातला प्रश्न बरोबर होता.

आणि उलटा मोहही आहे. २००९ सालीच अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी ६०० दिवसांच्या, म्हणजे म्हाताऱ्या उंदरांना रापामायसिन दिलं. त्यांची आयुष्याची वरची मर्यादा माद्यांत १४ आणि नरांत ९ टक्क्यांनी पुढे सरकली. तेव्हापासून ही गोळी तारुण्याचं औषध म्हणून घेणारी धडधाकट माणसं जगात आहेत. तोंड आलेला, जखम न भरणारा अण्णा समोर बसलेला असताना मला त्यांचा हेवा वाटत नाही. वेस सतत उघडी ठेवली तर पेशी बेसुमार वाढतात. अनेक कर्करोगांत हेच होतं. ती सतत मिटून ठेवली तर जखमही भरत नाही. कधी उघडायची आणि कधी मिटायची, यातच सगळं आहे.

अण्णाला मी हे सगळं सांगितलं, कोल्हापुरी भाषेत, दोन-तीन संध्याकाळी मिळून. तुझं शरीर वहिनींच्या मूत्रपिंडावर चालून येतं, ते प्रतिकारशक्तीच्या पेशींची फौज वाढवून. ती फौज वाढू नये म्हणून गोळी वेशीवर पहारेकऱ्याला धरून ठेवते. पण ह्या पहारेकऱ्याचे भाऊ प्रत्येक पेशीत आहेत, तुझ्या दंडातसुद्धा. गोळीला त्यांच्यातला फरक कळत नाही. म्हणून खाल्लेलं पूर्वीसारखं अंगी लागत नाही. त्यात वयाचाही वाटा आहे, आणि इतर गोळ्यांचाही.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग वहिनी आत स्वयंपाकघरात होत्या तिकडे बघून म्हणाला, ‘म्हंजे तिचं माझ्या अंगी लागलंय, त्ये टिकायचं आसंल तर माझं मला लागू द्यायचं न्हाई.’

इतकी वर्षं शिकवूनही मला हे एका वाक्यात सांगता आलं नसतं.

आता तो रोज सकाळी दूध कपभरच घेतो आणि तालमीपर्यंत चालत जातो. हौदात उतरत नाही. कठड्यावर बसून पोरांचे जोर मोजतो, आणि कुणी लढत अर्धी सोडून दुधाकडे वळला की ओरडतो.